नेम अंगठ्याचा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लोणंद म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, पुणे-मिरज मार्गावरचे रेल्वे स्टेशन आठवते आणि आषाढीच्या वाटेवरचा माऊलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते ती इथेच. अशा गावाच्या परिसरात बसून मासे धरण्याच्या कलेवर बोलायचे, म्हणजे गळ्यात माळ असलेल्या निम्म्या मंडळींना रेडिओ बंद करावासा वाटेल. त्यांना एवढेच सांगतो की आजच्या विषयात मासा शेवटी येतो. आधी येतो तो एक यंत्राचा तुकडा आणि त्यावर ठेवलेला माणसाचा अंगठा.

वीर धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी गेलात तर काठावर दोन प्रकारची माणसे दिसतात. एकाच्या हातात बांबूची साधी काठी, तिला दोरी, दोरीला गळ, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. दुसऱ्याच्या हातात लवचीक, आखूड काठी आणि तिच्या वरच्या अंगाला मुठीएवढे चकचकीत रीळ. याला इंग्रजी नावाने बेटकास्टिंग रीळ म्हणतात. हा दुसरा माणूस काठी मागे नेतो, पुढे झटकतो, आणि कधी त्याचे आमिष वीस मीटरवरच्या बाभळीच्या बुडख्याशी अलगद पडते, तर कधी रिळावर दोरीचे असे जंजाळ होते की पुढचा अर्धा तास ते सोडवण्यात जातो. शेजारचा बांबूवाला तोवर दोन चिलापी काढून मोकळा झालेला असतो. हा अर्धा तास वाया घालवूनही माणसे गेली दोनशे वर्षे याच यंत्राच्या नादी का लागली आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. ज्यांनी विहिरीवर रहाटाने पाणी शेंदले आहे त्यांना ते समजावून सांगायची गरजच नाही. पोहरा सोडला की रहाट गरगर फिरतो. पोहरा पाण्यावर आपटून थांबतो, पण रहाटाला ते ठाऊक नसते. तो आपल्या वेगाने फिरतच राहतो, दोर ढिला पडतो आणि गाडीवरून उतरून गुंततो. म्हणून जाणती बाई पोहरा पाण्याला टेकण्याच्या क्षणी रहाटावर तळहात ठेवते. बेटकास्टिंग रीळ म्हणजे हाच रहाट, फक्त आडवा केलेला आणि तळहातात मावणारा. आमिष हवेत सुटते, आपल्या वजनाने दोरी ओढते, दोरी कांडीला फिरवते. हवेच्या अडथळ्याने आमिषाचा वेग कमी होत जातो, पण कांडीचा वेग तेवढ्या लवकर कमी होत नाही. आमिषाला लागते त्याहून जास्त दोरी कांडी सोडू लागते आणि गुंता होतो. यावरचा मूळ उपाय एकच होता, फिरत्या कांडीवर अंगठा. फार दाबला तर आमिष मध्येच पडते, दाबलाच नाही तर जंजाळ. जो काही इतिहास आहे तो या दोन टोकांमधला आहे.

आपल्याकडे गळाची हौस किती जुनी आहे, याचा एक उत्तम पुरावा दख्खनमधलाच आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात, साधारण ११२६ ते ११३८ या काळात राज्य करीत होता. सातारा-सांगलीचा मुलूख त्याच्या मांडलिकांकडे होता. त्याचा बाप सहावा विक्रमादित्य याचे कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी झालेले लग्न बिल्हण कवीने वर्णिले आहे. या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी साहित्याचे विद्यार्थी तो ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी वाचतात, खवय्ये लोक इडलीच्या पूर्वजासाठी. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. कोणते मासे, त्यांना कोणता चारा आवडतो, गळाची काठी, दोरी आणि आमिष कसे असावे, हे सारे राजाने लिहून ठेवले आहे. पोटासाठी मासा मारणे वेगळे आणि विनोद म्हणून, म्हणजे करमणुकीसाठी, गळ टाकणे वेगळे, हा फरक त्यात स्पष्ट आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. इंग्रजांनी साहेबी थाटाचा हा छंद भारतात आणला असे आपण सहज म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी हे प्रकरण पाहावे.

इंग्रजांनी किंवा कोणी आणले असेल तर ते रीळ. आणि तेही मुळात त्यांचे नव्हे. रिळाचे सर्वांत जुने चित्र चीनमधले आहे. मा युआन या चित्रकाराचे, सुमारे ११९५ चे. हिवाळ्यातल्या सरोवरात होडीवर एकटा माणूस बसला आहे आणि त्याच्या काठीला छोटे चाक आहे. सोमेश्वरानंतर साठ-सत्तर वर्षांचे हे चित्र. इंग्लंडमध्ये अशा चाकाचा उल्लेख १६५१ साली टॉमस बार्करच्या पुस्तकात येतो. पण या सगळ्या चाकांचे काम दोरी साठवण्याचे आणि गुंडाळण्याचे होते. चाकावरून दोरी थेट फेकायची ही कल्पना त्यात नव्हती. लांब काठीच्या टोकाने दोरी पुढे ठेवली जाई किंवा दोरी आधी सोडून वेटोळी करून घेतली जाई.

फेकण्यासाठीचे रीळ जन्माला आले ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आणि त्याचा बाप घड्याळजी होता. जॉर्ज स्नायडर हे त्याचे नाव, गाव पॅरिस. फ्रान्सचे नव्हे, केंटकीतले. काळ साधारण १८१० ते १८२० चा. तिथल्या नद्यांत ब्लॅक बास नावाचा मासा असतो. तो दगडांच्या आणि पडलेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून बसतो. त्याला छोटा जिवंत मासा आमिष म्हणून लागतो. हे आमिष हलके, आणि नेमके आडोशाशी पडायला हवे. आमिष या अर्थाच्या ‘बेट’ या शब्दावरूनच पुढे या रिळाला नाव मिळाले. हलक्या आमिषाला कांडी फिरवता यावी म्हणून ती विनाअडथळा फिरली पाहिजे, आणि हे काम लोहाराचे नव्हते. ते दातेरी चाके, सूक्ष्म आस आणि तेलाचा थेंब यांची भाषा जाणणाऱ्याचे होते. स्नायडरनंतर फ्रँकफर्ट गावचे जोनाथन आणि बेंजामिन मीक हे बंधू पुढे आले. तेही घड्याळजीच. त्यांच्या पितळी रिळात मूठ एकदा फिरवली की कांडी चार वेळा फिरे. एकेक रीळ हाताने घडवलेले, घड्याळाइतक्या निगुतीने. ते विकत घेणाऱ्याला मात्र गुंत्यापासून संरक्षण काहीही नव्हते. उलट जितके रीळ गुळगुळीत, तितका गुंता भयंकर. घड्याळजींनी यंत्र परिपूर्ण केले आणि उरलेले सारे ओझे अंगठ्यावर टाकले.

त्यातूनच नेमबाजीची स्पर्धा निघाली. अंगठा तयार झाला आहे की नाही हे तपासायला मासा कशाला हवा? शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले, त्याच १८९३ च्या प्रदर्शनात गळफेकीच्या स्पर्धाही झाल्या होत्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत यातली एकच गोष्ट आली, हे ठीकच झाले. पुढे अमेरिकेत गावोगावी असे संघ निघाले. पाण्यावर तरंगती कडी ठेवायची, गळ नसलेले वजन त्यात टाकायचे, आणि लक्ष्यापासून जितके फूट चुकेल तितके गुण वजा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८ साली केवळ या सरावासाठी हौद बांधले गेले. १९५५ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. मासा नाही, गळ नाही, आमिषही नाही. उरला तो निव्वळ नेम.

यंत्रात मोठे बदल झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. दोरी परत गुंडाळताना ती कांडीच्या एकाच बाजूला ढिगाने बसते आणि पुढच्या फेकीत अडकते. मिशिगनमधल्या कॅलमॅझू गावच्या एका गृहस्थाने दोरीला डावी-उजवीकडे आपोआप सरकवणारा सरक-दांडा बसवला. त्याचे नाव विल्यम शेक्सपिअर. नाटककाराशी काही संबंध नाही, तरी १८९७ साली सुरू झालेली त्याची कंपनी हे नाव मिरवत राहिली. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना बोटाने दोरा इकडेतिकडे नेणाऱ्या कोणालाही या दांड्याचे महत्त्व कळेल.

दुसरा मार्ग इंग्लंडमध्ये निघाला आणि तो अगदी वेगळा होता. अल्फ्रेड इलिंगवर्थ हा ब्रॅडफर्डचा लोकर-गिरणीवाला. गिरणीतल्या कांडीवरून सूत सुटते तेव्हा कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून निसटत जाते, हे त्याने रोज पाहिलेले. विटा किंवा इचलकरंजीच्या मागवाल्यांना यात नवल वाटणार नाही. १९०५ साली त्याने याच तत्त्वावर रिळाचे पेटंट घेतले. कांडी स्थिर, दोरी टोकावरून सुटते. कांडी फिरतच नाही म्हटल्यावर ती जास्त फिरण्याचा प्रश्नच नाही. आज दुकानात नवशिक्याच्या हाती जे ‘स्पिनिंग’ रीळ देतात ते याच वंशातले. पंधरा मिनिटांत पोरगेसुद्धा ते वापरू लागते. मग घड्याळजीचे रीळ तेव्हाच अडगळीत जायला हवे होते. ते गेले नाही, कारण स्थिर कांडीवर अंगठा ठेवता येत नाही. फेक हवेत असताना तिला हळूहळू आवरणे, शेवटच्या हातभर अंतरात थोपवणे आणि आमिष आवाज न करता ठेवणे, हे फिरत्या कांडीवर जितके साधते तितके इलिंगवर्थच्या रिळावर साधत नाही. जड आमिष, जाड दोरी आणि मोठा मासा असेल तर फिरत्या कांडीचे बळही जास्त. त्यामुळे दोन्ही वंश नांदले.

यानंतरचा इतिहास म्हणजे अंगठ्याचे ओझे यंत्राने थोडे थोडे उचलण्याचा इतिहास. यातली स्वीडनची गोष्ट मला फार आवडते. स्वॅंग्स्टा या खेड्यात १९२१ साली घड्याळांचा एक कारखाना निघाला. पुढे तो टॅक्सीचे मीटर बनवू लागला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्सी बंद, मीटर कोण घेणार? कारागीर बसून राहू नयेत म्हणून त्यांनी मासेमारीचे रीळ बनवायला घेतले. हीच आबू कंपनी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने लाल रंगाचे ‘अँबॅसडर’ रीळ काढले. त्यात कांडी वेगाने फिरू लागली की छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेवर घासतात आणि वेग आवरतात, अशी सोय होती. पुन्हा घड्याळजीच, फक्त आता त्याने अंगठ्याला मदतनीस दिला. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी लोहचुंबकाचा ब्रेक आणला. सायकलच्या गिअरमुळे आपल्या पोरांना माहीत असलेली शिमानो ही त्यातलीच, आणि तीही १९२१ चीच. पुढे तिने रिळात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणसुद्धा बसवले. तिच्या एका गाजलेल्या रिळाचे नाव ‘कलकत्ता’ आहे. त्यावरून हुगळीच्या काठी काही शोध लागला असे मात्र कोणी समजू नये.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. १८१९ च्या तहाने सातारचे राज्य निर्माण झाले तेव्हा नीरा ही त्याची उत्तर सीमा ठरली. अलीकडे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा मुलूख, पलीकडे कंपनी सरकारचा पुणे जिल्हा. या पलीकडच्या मुलखात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी आकडेवारी गोळा करीत हिंडत होता. पिके, किमती, लोकसंख्या, आणि जाता जाता मासे. १८३८-३९ साली त्याने दख्खनच्या माशांवर लंडनमध्ये निबंध सादर केला. त्यात चाळीसच्या वर जाती आहेत. मला त्यातली नावे पाहून थक्क व्हायला होते. लॅटिन नावे ठेवताना साइक्सने काही मित्रांची, साहेबांची नावे वापरली खरी. पण कितीतरी माशांना त्याने नदीकाठी ऐकलेले मराठी नावच लॅटिनच्या जोडीला बसवले. खुद्री, मसुल्ला, फुलंगी, कोळूस, रोहटी, घोगरा, शेंगटी, इचकी. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महासीरला त्याने ‘खुद्री’ म्हटले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो मासा ‘टॉर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे त्याला कुठे खडची, कुठे कुदीस, कुठे मसुंडा म्हणतात. ही नावे साइक्सला कोणी सांगितली? अर्थातच जाळी टाकणाऱ्या भोई-कोळ्यांनी. त्या सांगणाऱ्यांचे एकही नाव आपल्याला कळत नाही. त्यांचे उच्चार मात्र, साहेबाच्या कानाने थोडे वाकवलेले, जगाच्या शास्त्रात कायमचे बसले.

साइक्सचा मार्ग संग्रहाचा होता, गळाचा नव्हे. गळाचा ग्रंथ आला १८७३ साली, मंगळूरहून. मद्रासच्या मुलकी नोकरीतल्या हेन्री सलिव्हन टॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’. महासीर हा मासा विलायतेतल्या सामनपेक्षाही जोरकस लढतो, असे त्याने साहेबलोकांना पटवले आणि मग बंगल्याबंगल्यांतून काठ्या, रिळे आणि पितळी चमचे मागवले जाऊ लागले. हा चमचा म्हणजे पाण्यात लकाकत फिरणारा, मासा असल्याचा भास करणारा पत्रा. पण टॉमसने आणखी एक काम केले. नदीत सुरुंग आणि विष टाकून मासे मारण्याविरुद्ध, लहान पिल्ले वाचवण्यासाठी, तो आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे सतत लिहीत राहिले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष यांवर बंदी घातली, त्यामागे अशा लिखाणाचा वाटा होता. साहेबांना आपल्या करमणुकीसाठी मासा हवा होता, हे खरेच. पण सुरुंगाने जो जातो तो सगळ्यांचाच मासा असतो, हेही तितकेच खरे.

मुंबईत पवईचा तलाव गळकऱ्यांचे माहेर झाला. हौशी मासेमारांची राज्य संघटना तिथे आहे. मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली महासीरच्या शिकारीवर मॅक्डोनल्डचे पुस्तक काढले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ साली, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाला लावला. तो विक्रम सांगितला जातो तेव्हा लोक वजन लक्षात ठेवतात. नदीच्या कोणत्या खडकामागे गळ पडला होता, हे कोणी विचारत नाही. गळ टाकणाऱ्याचे खरे कौशल्य तर तिथेच असते.

ते कौशल्य शिकायचे कसे? माझे मत स्पष्ट आहे. पहिला महिना पाण्याजवळ जाऊ नये. खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानावर उभे राहावे. गळ काढून टाकावा आणि दोरीला दहा-पंधरा ग्रॅमचे वजन बांधावे. दहा पावलांवर घमेले पालथे नव्हे, उताणे ठेवावे. वजन घमेल्यात पडले की जो आवाज येतो तो कोणत्याही शाबासकीपेक्षा बरा वाटतो.

रिळाच्या बाजूला एक छोटी चकती असते. ती अशी पिळावी की कळ दाबून वजन सोडले तर ते सावकाश खाली यावे, आणि जमिनीला टेकताच कांडी थांबावी. टेकल्यावरही कांडी फिरत राहिली तर चकती अजून आवळावी, वजन उतरलेच नाही तर ढिली करावी. आमिष बदलले की ही जुळवणी पुन्हा करायची. ब्रेक सुरुवातीला भरपूर ठेवावा. पुष्कळ जण इथेच घाई करतात. लांब फेक हवी म्हणून सगळे ढिले सोडतात आणि मग दिवसभर गुंता सोडवत बसतात. वाऱ्याच्या तोंडावर फेकताना तर ब्रेक वाढवलाच पाहिजे, कारण वारा आमिषाला अडवतो, कांडीला अडवत नाही.

फेक मनगटाची आहे, खांद्याची नव्हे. मनगट किंचित वळवून रिळाची मूठ आकाशाकडे करावी, म्हणजे मनगट मोकळे फिरते. काठीचे टोक घमेल्याच्या रेषेत धरावे, तिथून ते डोक्यावरून मागे न्यावे, घड्याळातल्या एकच्या काट्याइतके. काठी मागे वाकली की लगेच पुढे. टोक दहाच्या काट्याशी आले की अंगठा उचलावा. उचलावा म्हणजे काढू नये, कांडीवर पिसासारखा ठेवावा. ज्यांनी शेतात माळ्यावर बसून गोफण फिरवली आहे त्यांना दोरीचे टोक कधी सोडायचे हे बोटांतच ठाऊक असते. हे तसेच आहे. लवकर सोडले तर वजन आभाळात, उशिरा सोडले तर समोर पायाशी आपटते. डावी-उजवीकडे जात असेल तर काठी सरळ मागेपुढे जात नाही, तिरकी जाते आहे असे समजावे. आणि नजर वजनावर नको, घमेल्यावर हवी. वजन कुठे आहे ते अंगठ्याला कळते. घमेले कुठे आहे ते डोळ्यालाच कळते.

शेवटचा भाग सर्वांत नाजूक. वजन घमेल्यावर उतरू लागले की अंगठा हळूहळू जड करायचा आणि टेकण्याच्या आधी निमिषभर कांडी पूर्ण थांबवायची. म्हणजे वजन आपटत नाही, बसते. मासा आडोशाला असतो आणि पाण्यावरचा धपका त्याला माणसापेक्षा लवकर कळतो. तेव्हा आधी अंतर वाढवण्याच्या फंदात न पडता दहा पावलांवर दहापैकी सात फेकी घमेल्यात पडू द्याव्यात. मग पंधरा पावले, मग घमेल्याऐवजी तांब्या. गुंता झालाच तर ओढाताण करू नये. कांडीवर अंगठा घट्ट दाबून मूठ दोन-तीन वेळा फिरवावी आणि मग दोरी सावकाश बाहेर ओढावी. बहुतेक गुंते याने सुटतात.

हे सगळे इतक्या बारकाईने सांगायचे कारण फक्त मासा मिळण्याचे नाही. चुकलेली फेक झाडात अडकते, दोरी तुटते आणि गळासकट फांदीवर लोंबत राहते. नायलॉनची दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही. वीरच्या काठी बगळे, करकोचे येतात, त्यांच्या पायांत ती अडकते. दुसरे असे की आपल्याकडे अनेक तलाव आणि धरणांमधली मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. भोई समाजातल्या अनेकांचे पोट त्यावर आहे. त्यांच्या जाळ्यात चुकून अडकलेला तिकाटी गळ हा त्यांच्या दृष्टीने विनोद नसतो, आपल्या दृष्टीने तो कितीही ‘मत्स्यविनोद’ असला तरी. आधी परवानगी विचारावी, मग काठी उघडावी.

आणि महासीरचे काय झाले? धरणांनी नद्यांचे वाहते पाणी अडले, सुरुंग पूर्ण थांबले नाहीत, आणि हा मासा दख्खनच्या नद्यांत विरळ झाला. १९७०-७१ पासून लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. राज्याचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी टॉर खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखवली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे हे काम. तिथली पिल्ले अनेक राज्यांतल्या नद्यांत सोडली गेली. त्यांतली काही कावेरीत गेली.

कावेरीत एक वेगळाच महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा. १९७७ साली काही इंग्रज तरुण जगप्रवासात तिथे आले, त्यांनी तो गळाला लावला आणि गालिबोरेसारख्या ठिकाणी जगभरचे गळकरी येऊ लागले. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा गळाला लावायचा, आबूसारख्या मोठ्या रिळावरून तो प्रवाहातल्या खडकापलीकडे टाकायचा, मासा आला की वजन करून सोडून द्यायचा. आणि वहीत लिहायचे. किती तास बसलो, कोणता मासा, किती किलोचा. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी, सहा हजारांहून अधिक माशांच्या, पुढे ब्रिटिश आणि भारतीय अभ्यासकांनी तपासल्या. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कुबडवाला महासीर वर्षागणिक घटत गेला होता आणि त्याच्या जागी निळ्या परांचा टॉर खुद्री वाढत गेला होता. म्हणजे मुळा-मुठेत साइक्सला भेटलेला आणि लोणावळ्यात वाचवलेला आपलाच मासा कावेरीत परका ठरला आणि तिथल्या घरच्या माशाला भारी पडला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुबडवाल्याची ओळख टॉर रेमादेवी म्हणून पक्की केली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.

पिल्ले सोडणाऱ्यांनी चांगल्या हेतूनेच सोडली होती. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हे पुण्य आहे, अशीच तेव्हा सर्वत्र समजूत होती. काय घडले ते कळले मात्र सरकारी पाहणीतून नव्हे. दिवसभर खडकावर बसून अंगठा झिजवणाऱ्या माणसांनी संध्याकाळी न चुकता वही भरली, म्हणून कळले. २०१२ च्या सुमारास अभयारण्यातल्या गळफेकीवर बंदी आली आणि त्या नोंदीही थांबल्या. सुरुंगवाल्यांवर नजर ठेवणारी माणसेही तिथून उठली, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. बंदी योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल. माझे मत विचाराल तर मोजणारा माणूस नदीवर असावा, मग त्याच्या हातात काठी असो वा नसो.

आपल्याकडे एक जागा अशी आहे जिथे रीळ, गळ, अंगठा कशालाच वाव नाही. महाबळेश्वरच्या घाटाखाली, महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जातात. टॉर खुद्रीच तो. तिथे गळ टाकत नाहीत. येणारे लोक पाण्यात खाऊ टाकतात, मोठाले मासे गर्दी करून वर येतात आणि हाताच्या अंतरावरून तो खाऊन परत डोहात उतरतात.